चाळीस पिशव्या

आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठात पाहुणा आला की त्याला आधी कडुलिंब दिसतात, मग त्या कडुलिंबांखाली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली पोरंपोरी दिसतात, आणि पीक सगळ्यात शेवटी दिसतं. यात थट्टा कमी आणि खरं जास्त आहे. माती, कीड, बियाणं यांवर पदव्या घेतलेली ही मंडळी मुघलांचा इतिहास आणि पंचायत राज पाठ करत बसतात, कारण विद्यापीठात जागा निघत नाहीत आणि गावी परत जाऊन काय सांगायचं हे कुणालाच सुचत नाही. मी त्यांच्यात बसले नाही. मला पीएच.डी. करायची होती, तीही ज्वारीवर. वसतिगृहातल्या मुली मला ज्वारीबाई म्हणायच्या आणि मी त्यांच्या अंगावर धावून जायचे. माझं डोकं लवकर तापतं. ते आताच सांगून ठेवते, कारण पुढं ते कामाला आलं नाही, उलट नडलं.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं होतं. एका बाजूला आपली मालदांडी, भाकरीला गोड पण खोडमाशीपुढं हात टेकणारी. दुसऱ्या बाजूला खोडमाशीला दाद न देणारा एक वाण, ज्याची भाकरी जनावरानंही हुंगून सोडावी. या दोघांचा संकर करायचा. त्यासाठी मालदांडीच्या कणसावरची पन्नासेक फुलं ठेवून बाकीची कातरीनं छाटायची, आणि त्या पन्नासांतल्या एकेका फुलातून सुईच्या टोकानं पुंकेसर काढून टाकायचे. एका फुलात तीन. मग कणसाला कागदाची पिशवी घालायची, पिन मारायची, दोऱ्यानं लेबल बांधायचं. सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग आणून पिशवीत झटकायचे की पुन्हा पिशवी बंद. बाहेरच्या ज्वारीचा एक कण आत गेला तरी खेळ खलास, म्हणून पिशवी. दुपारभर मान मोडून बसलं तर दिवसाला दहा कणसं व्हायची.

पहिल्या वर्षी अवकाळी पावसानं कणसं काळी पडली. दुसऱ्या वर्षी दोन्ही वाण एका वेळी फुलावर आलेच नाहीत. एकाची फुलं वाळून गेली तेव्हा दुसऱ्याचं कणीस अजून पोटरीतच होतं. नोंदणीची मुदत मी एकदा वाढवून घेतली होती, आणि दुसऱ्यांदा ती मिळत नाही. म्हणजे हे तिसरं वर्ष शेवटचं होतं: यंदा संकराचं बी हाती आलं तर पुढच्या रब्बीला पेरून, निरीक्षणं घेऊन प्रबंध लिहून होईल, नाही आलं तर एवढी वर्षं मातीत. यंदा पाऊस लांबला म्हणून पेरणी उशिरा झाली, पण दोन्ही वाण जोडीनं फुलले. मी चार दिवसांत चाळीस कणसं केली. बोटांना भोकं पडली होती आणि मला पहिल्यांदाच गाणं म्हणावंसं वाटत होतं.

त्याच आठवड्यात येळवस आली. आमच्याकडं गंगाखेड-पालमच्या भागात वेळा अमावास्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताक-पिठाची आंबट आंबील यांचा निवद दाखवायचा आणि मग आंबील शिंपत, आरोळी देत सगळ्या पिकात फिरायचं. त्या आरोळीतले शब्द अर्धे कानडी आहेत आणि त्यांचा अर्थ आमच्या घरात कुणालाही धड सांगता येत नाही. मी आजवर एकही येळवस चुकवलेली नव्हती. यंदा फोन करून सांगितलं, येता येत नाही, फुलं थांबत नसतात.

माय म्हणाली, "तुला यायला जमना तर म्या येते की. तुपलं शेत तिथं हाय, मग तुपली येळवस बी तिथंच."

मी हसले. माझं शेत म्हणजे विद्यापीठाच्या काळ्या रानातला चटईएवढा तुकडा. पण घरच्या शेताची पूजा वडिलांवर, आप्पांवर सोपवून माय राणीसावरगावहून पहाटेच्या एसटीनं निघाली, गंगाखेडला गाडी बदलली आणि दहा वाजता माझ्या प्लॉटवर हजर झाली. कपाळावर विभूतीचे पट्टे, एका हातात भाकरीचं गाठोडं, दुसऱ्या हातात आंबिलीची बरणी. एवढ्या प्रवासात थेंब सांडला नव्हता, ते तिनं आल्या आल्या मला दाखवलं.

सणामुळं शेतावरच्या मजूर बायका आलेल्या नव्हत्या. रानात आम्ही दोघीच. तिनं प्लॉटभर नजर टाकली आणि विचारलं, "ही कणसं कामून झाकलीत गं?"

"पाखरं खातात म्हणून," मी म्हणाले.

हे उत्तर मी तीन वर्षं देत आले होते. शिवारफेरीला येणारे शेतकरी, शाळांच्या सहली, कुणाचेतरी साहेब, सगळे हेच विचारायचे, आणि खरं सांगायला लागलं की लोक एकमेकांकडं बघून हसायचे. कोणतं कणीस नवरी, कोणतं नवरा, असे विनोद व्हायचे. माझं डोकं फिरायचं. म्हणून पाखरं. पण माय काही सहलीला आली नव्हती. तिला मी तेच का सांगितलं याचं उत्तर मला आता देता येतं: आईसमोर नर-मादीचं बोलायची लाज वाटली, आणि तिला समजणार नाही असंही वाटलं. दुसरं कारण पहिल्यापेक्षा वाईट आहे.

तेवढ्यात विभागातून फोन आला. प्रगती अहवालावर सही राहिली होती, लगेच या. मी मायला सांगितलं, तासाभरात येते, तोवर पूजा मांड. परत आले तेव्हा तिनं कापून पडलेल्या धाटांची हातभर उंचीची कोप केली होती, आत पाच ढेकळं मांडली होती, आणि ती बांधावर बसून कावळ्यांना भाकरी टाकत होती. पिशव्या जागच्या जागी होत्या. मी आल्या आल्या त्यांच्यावरून नजर फिरवली होती, ते मला पक्कं आठवतं. आम्ही पोटभर जेवलो. चारच्या गाडीनं ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या कणसांवर मी पिशवीच्या वरच्या तोंडातून पराग टाकले. पुढचे दोन आठवडे मी खुशीत होते.

दाणे धरले का हे बघायला मी पंधरा दिवसांनी पहिली पिशवी काढली. हातानं केलेल्या संकरात पन्नास फुलांत वीस दाणे धरले तरी आम्ही पेढे वाटतो. या कणसावर पन्नासच्या पन्नास धरले होते. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. शेतावरच्या एक मावशी शेजारी खुरपत होत्या, त्या उठून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "लय भरलंय की ताई, नशीब काढलंत." हातानं झटकलेल्या परागांनी कणीस इतकं कधी भरत नसतं. मी चौथी पिशवी काढली, आणि मग दिसलं. कणसाखालच्या दांड्यावर राखेच्या तीन बारीक रेघा होत्या, बोटांनी ओढलेल्या. पानाच्या बगलेत काहीतरी पांढरं वाळून खपली धरलं होतं. मी ते नखानं काढून जिभेवर ठेवलं. आंबट लागलं.

चाळीस पिशव्या काढल्या. चाळीस दांड्यांवर विभूती होती.

तिथंच ढेकळात बसून मी फोन लावला. "माय, त्या दिवशी तू पिशव्या काढल्या होत्यास?"

"काढल्या की," ती कौतुकानं म्हणाली. "तोंड झाकलेल्या पिकाला निवद कसा दावायचा? समद्या पिकावरून हात फिरवला, तुपल्या बी, शेजारच्या बी. पर पुन्ना जशाच्या तशा घातल्या बग. एक पिन मोडली न्हाई. मोजून घातल्या, दोन ईस." माय विसाविसानं मोजते. "आन पाखरं येऊ न्हाईत म्हणून पदर हलवीत हुते समदा येळ."

शेजारच्या प्लॉटमध्ये चार वाण उघडे फुललेले होते. त्यांच्यावरून हात फिरवून तोच हात तिनं माझ्या कणसांवरून फिरवला होता. आता त्या दाण्यांचा बाप कोण, हे देवालाही सांगता आलं नसतं.

"माय, तू माझं वाटोळं केलंस," मी म्हणाले.

पलीकडून "काय झालं गं?" असं बारीक आवाजात आलं आणि मी फोन बंद केला. नंतर तिचे सात फोन आले. मी घेतले नाहीत. मला रडायचं होतं आणि रडूही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मार्गदर्शक सरांकडं गेले. सर निवृत्तीला आलेले, मनानं चांगले. माझ्या दोन वाया गेलेल्या वर्षांत त्यांनी एकदाही आवाज चढवला नव्हता. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"आत्ता कणसावर पिशवी आहे? लेबल आहे?"

"आहे."

"मग संकर झाला. नोंदवहीत तसं लिहा."

"सर, पुढच्या वर्षी पेरल्यावर कळेलच की."

"पुढच्या वर्षी जी झाडं वेगळी दिसतील ती उपटून टाका. राहतील त्यांच्यावर काम करा. मॅडम, मुदत संपत आलीये. तुमची पण आणि माझी पण." मग म्हणाले, "सोमवारी नोंदवही टेबलावर ठेवा. मी सही करतो."

मी बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटलं, हे कबूल करते. दोन दिवस मी स्वतःशी हुज्जत घातली. कुणाचं काय नुकसान आहे? ही ज्वारी कुठं कुणाच्या शेतात जाणार आहे? प्रबंध कपाटात जाणार, कपाटाला कुलूप लागणार. ज्यांनी असे प्रबंध लिहिले ते आज डॉक्टर म्हणून मिरवतात, आणि मी तर मुद्दाम काही केलेलंही नाही. मेसमध्ये जेवण जात नव्हतं. कडुलिंबाखालची पोरं दिसली की वाटायचं, यांच्यात जाऊन बसायची वेळ आली आणि माझ्याकडं तर पुस्तकंही नाहीत. शनिवारी मी नोंदवही उघडली आणि पहिल्या तीन कणसांपुढं "संकर यशस्वी" असं लिहिलंसुद्धा. पेन्सिलीनं.

रविवारी दुपारी वसतिगृहाच्या फाटकावरून निरोप आला, तुमच्या आई आल्यात.

ती फाटकाशी कट्ट्यावर बसली होती. मला बघून उठली नाही. जवळ गेल्यावर तिनं पिशवीतून जुन्या लुगड्याचा एक धडपा काढून सोडला. आत चिंध्यांच्या छोट्या छोट्या पुरचुंड्या होत्या, माझ्या लेबलांसारख्या दोऱ्यानं बांधलेल्या. मला मोजायची गरज नव्हती.

"दोन ईस हायत," ती म्हणाली. "घरची मालदांडी हाय. पेवातलं बी न्हाई ह्ये, म्या कणसं बगून निवडल्याली. म्या नासलं तर म्याच भरून दिलं पाह्यजे." मग एकेक पुरचुंडी उचलून सांगू लागली, "ही खालच्या पट्टीतली. ही बांदाकडची, हिला माशी कमी लागती. ही हिरीजवळची, ह्येचा दाणा टपोरा पर भाकर चिरती." चाळीसच्या चाळीस तिला तोंडपाठ होत्या. ती सांगत होती आणि मी ऐकत होते, आणि माझ्या लेबलांवर माझ्याच अक्षरात काय काय लिहिलंय ते मला आठवत होतं.

तेव्हा मी तिला खरं सांगितलं. पिशवी पाखरांसाठी नसते. मी फुलातला नर काढून टाकते, मग ठरवलेल्या कणसाचे पराग आणून घालते. दुसऱ्या कुणाचे येऊ नयेत म्हणून तोंड झाकायचं. लाजत, अडखळत सांगितलं. तिला समजायला अर्धं मिनिट लागलं.

"मग ह्ये आदी सांगायचं की," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "म्या काय ल्हान पोर हाय का गं? गायीला वळू दावून कोण आणतं आपल्यात? म्याच आणते ना? दाव्याला बांदून ठिवते चार दिस, दुसरा येऊ न्हाई म्हणून. तू एवडं एक बोलली असतीस तर म्या त्या कागदाला बोट लावलं नसतं. लांबूनच हात जोडले असते."

फाटकातून मुली ये-जा करत होत्या, बघत होत्या. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, आता काय. सर काय म्हणाले ते मी सांगितलं. पेन्सिलीनं काय लिहिलं तेही सांगितलं.

"त्या दाण्याचं तुला ठावं हाय का, कुणाचा हाय त्ये?"

"न्हाई."

तिनं पुरचुंड्या पुन्हा धडप्यात गोळा केल्या. बराच वेळ गाठ मारत बसली. मग म्हणाली, "असं कर, माज्यावर घाल. लिव्ह, माय आल्ती, आडाणी हाय, तिनं केलं. खरंच हाय की त्ये. तुला एक वरीस देतील." आणि हे सगळं ती अशा सुरात म्हणाली की जणू भाजीत मीठ जास्त झालंय आणि पाणी घालून भागेल.

मी तिला बसस्थानकावर सोडलं. गंगाखेडची गाडी लागलेली होती. खिडकीतून ती पुन्हा म्हणाली, माज्यावर घाल. मी मान हलवली. कसली मान हलवली ते तिला समजलं नसावं.

वसतिगृहावर येऊन मी नोंदवही काढली. पेन्सिलीचं खोडलं. चाळीस ओळींपुढं शाईनं "बाद" लिहिलं. शेवटी एक रकाना असतो, कारण नावाचा. लोक तिथं पाऊस, पाखरं, वादळ असं काही लिहितात. मी लिहिलं: पिशव्या कशासाठी आहेत हे विचारलं असता मी खरं सांगितलं नाही. रकाना अरुंद होता, शेवटचे दोन शब्द समासात गेले.

सोमवारी सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "असं कारण कुणी लिहितं का?" ते म्हणाले. ते रागावले नव्हते, थकले होते. सही मात्र केली. मुदतवाढीचा माझा अर्ज तीन टेबलांवरून फिरून नामंजूर होऊन आला. जूनमध्ये मी खोली रिकामी केली.

आता मी पालमला एका कृषी सेवा केंद्रात बसते आणि दुसऱ्यांनी केलेल्या संकरांच्या पिशव्या विकते. घेणारा विचारतो, बी खात्रीचं हाय ना ताई? मी पाकिटावरचं छापील वाचून दाखवते. त्या पुरचुंड्या मी अजून पेरलेल्या नाहीत. बऱ्याचदा वाटतं, पेन्सिलीनं लिहिलं होतं तेच शाईनं गिरवलं असतं तर काय बिघडलं असतं. हा विचार आला की त्या दिवशी मला कुणाशी धड बोलता येत नाही.

गावात अजून लोक मायला विचारतात, तुमची पोरगी डॉक्टर व्हायली होती ना, काय झालं? माय कुणापासून लपवत नाही. बाजारात, मठात, विहिरीवर, ज्यानं विचारलं त्याला ती थांबून नीट सांगते, "म्याच केलं. आडाणी माणूस, मपल्या हातानं नासलं लेकराचं." मी कितीदा सांगितलं, चूक माझी होती, मी तसं लिहूनही दिलंय. ती ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणालातरी तेच सांगते. मी लिहिलेली नोंदवही विभागाच्या कपाटात आहे, आणि ती वाचायला आमच्या गावचं कुणी परभणीला जाणार नाही.